आगळात मुरलेला पत्रा

नितेशमामाने रंगवलेली रेसची गाडी वेदिकाने पहिल्यांदा पाहिली तेव्हा मनात जे आलं ते ती बोलली नाही, कारण मामा समोरच उभा होता आणि त्याच्या हातात तिच्यासाठी आणलेली चॉकलेटं होती. पण मनात आलं ते एवढंच: शी!

गाडी म्हणजे काही खरी नव्हे. वीतभरसुद्धा नव्हती. मामा बोटीवर इंजिनिअर. जपानच्या कुठल्याशा बंदरात बोट लागली होती तेव्हा त्याने हे किट घेतलं होतं. खोक्यात प्लॅस्टिकचे सुटे भाग असतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. खोक्यावर जुन्या काळातल्या रेसच्या गाडीचं चित्र होतं. तेव्हा रेसच्या काही गाड्यांना रंगच द्यायचे नाहीत, तेवढंच वजन कमी. हातोडीने ठोकून वाकवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, जसा आहे तसा. चित्र बघूनच हात फिरवावासा वाटत होता. कुठे उजळ, कुठे करडी, सायलेन्सरपाशी काळवंडलेली. एक पत्रा संपून दुसरा सुरू होतो तिथे दोघांचे रंग वेगळे, सख्ख्या बहिणींसारखे. एकीकडे बघितलं की दुसरी आठवावी, पण चुकून एकीला दुसरी समजणार नाही.

आणि मामाची गाडी? मामाने भर भाद्रपदात, हवेला नुसतं पाणी सुटलेलं असताना, जयगडच्या घराच्या पडवीत बसून तिच्यावर चंदेरी स्प्रे मारला होता. दमट हवेने रंग दुधाळला होता. एका बाजूला ओघळ आला होता, सर्दी झालेल्या पोराच्या नाकाखाली येतो तसा. आणि बॉनेटच्या बरोबर मधोमध एक डास चिकटून मेला होता. मेला तो मेला, वर मामाने रंगाचा दुसरा हातही मारला होता, त्यामुळे डास चंदेरी झाला होता. पायांसकट.

"मामा, डास."

"कुठे? हां, तो होय. लांबून नाही गो दिसत."

"मला इथून दिसतोय."

"तुझे डोळे म्हणजे बोटीवरचं रडार," मामा हसला. नितेशमामा हसला की समोरच्याला हसावंच लागतं, असं त्याचं हसणं. मग त्याने गाडी उलटीसुलटी करून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "जाऊ दे. बिघडली ती बिघडली. तुला हवी तर घे, नाहीतर टाक कचऱ्यात."

वेदिकाने घेतली. डासासकट.

आता नववीतली मुलगी म्हटली की घरात सगळ्यांना वाटतं, हिने अभ्यास करावा आणि उरलेल्या वेळात पुन्हा अभ्यास करावा. पण वेदिकाला त्या वर्षी काय झालं होतं कोण जाणे, तिला सगळं जमेल असंच वाटायला लागलं होतं. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ती भाषण विसरली आणि तरीही मनचंच ठोकून बोलली, आणि नंबर आला. तेव्हापासून तर विचारूच नका. त्यामुळे खोक्यावरच्या चित्रासारखी गाडी आपण करायची, हे तिने ठरवलं तेव्हा तिला त्यात विशेष काही वाटलंच नाही.

पहिलं काम डासाचं. रत्नागिरीत नाचणे रोडवरच्या त्यांच्या घराच्या माळ्यावर कोरोनाच्या वेळचा सॅनिटायझरचा कॅन पडून होता. वेदिकाने जुन्या डब्यात तो ओतला आणि गाडी त्यात बुडवली. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर रंग सुटून त्याची साय झाली होती, चंदेरी, बुळबुळीत, आणि त्या सायीवर डास तरंगत होता. वासाने डोळ्यांतून पाणी आलं. तिने जुन्या टूथब्रशने सगळं खरवडलं, नाकाला ओढणी बांधून, पुटपुटत. पुटपुटत म्हणजे मामाला शिव्या घालत, पण लाडातल्या.

मग तिने रंगाचा नादच सोडला. पत्र्यासारखं दिसायला हवं ना, मग पत्राच लावू! आई पोळ्या गुंडाळते तो फॉईल. आधी प्लॅस्टिक पॉलिशपेपरने पाण्यात घासून गुळगुळीत करायचं, कारण खाली केसाएवढा चरा राहिला तरी वर दिसतो. मग पातळ गोंदाचा हात, तो जरा चिकट होईपर्यंत थांबायचं, मग दाराएवढा दाराला, बॉनेटएवढा बॉनेटला असा फॉईलचा तुकडा ठेवायचा आणि कापसाने मधून कडेकडे चोळत न्यायचा. सुरुवातीचे तुकडे चुरगळले, फाटले, केसांत चिकटले. एकदा गोंद लागलेला हात तिने चुकून तोंडाला पुसला आणि दिवसभर मासळी बाजारात झोपून आल्यासारखी चव तोंडात राहिली. पण हळूहळू हात बसला. फॉईलला एकाच दिशेने बारीक रेघा असतात हे तिच्या लक्षात आलं. एक तुकडा उभा लावला आणि शेजारचा आडवा, तर उजेड दोघांवर वेगवेगळा पडतो. पत्रे जोडणाऱ्या रिबिटांच्या ओळींसाठी तिने आईच्या शिवणाच्या डब्यातलं दातेरी चाक फिरवलं. मस्त उमटल्या!

फक्त एक होत नव्हतं. गाडी फार नवी दिसत होती. पोळीचा डबाच जणू, नुकता उघडलेला.

ते जमलं एका चुकीतून. आईने सोलकढी करायला सांगितली म्हणून वेदिकाने बाटलीतलं आगळ हाताला लागेल त्या टोपात ओतून ठेवलं आणि ऋतिकाचा फोन आला म्हणून विसरून गेली. दुपारी आई किंचाळली.

"वेदू! जर्मनच्या टोपात आगळ? जर्मनला आंबट लावतात काय गो कधी? एवढी घोडी झालीस, कोकणातली ना तू?"

ॲल्युमिनियमला आई जर्मन म्हणते, आजीही म्हणायची. आणि कोकमाचा खारट रस जर्मनच्या भांड्यात ठेवू नये हे इकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. वेदिका धावत आली. आईने आगळ मोरीत ओतून टोप तिच्या नाकासमोर धरला. तळाला करडा, मळकट, ढगाळ डाग पडला होता आणि त्याच्या कडेला काळसर वळ.

"आई!" वेदिका ओरडली. "हे सायलेन्सरपाशी पाहिजे!"

"काय पाहिजे?"

पण वेदिका आगळाची बाटली घेऊन खोलीत गेली होती.

त्यानंतर ती कापूस आगळात बुडवून एकेका पत्र्यावर ठेवायची. एकावर थोडा वेळ, दुसऱ्यावर जास्त, सायलेन्सरपाशी तर आणखी जास्त, मग ओल्या फडक्याने पुसायचं. पत्रा मुरायचा. दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत खोलीभर असा वास भरला की जणू गोंद, आगळ आणि सॅनिटायझर यांचं लग्न लागलंय आणि वऱ्हाड जायचं नावच घेत नाही. आई दारातूनच कपडे आत फेकायची. पण गाडी! गाडी चित्रातल्यासारखी झाली होती. खरं तर चित्राहून चांगली. मागच्या बाजूला, शेपटीसारख्या निमुळत्या पत्र्यावर तर असा काही राखाडी उतरला होता की वेदिका दिवा लावून नुसती बघत बसायची. तो तुकडा तिने कितीदा तरी काढून परत लावला होता.

भाऊबीजेला मामा जयगडहून आला. आईने ओवाळलं, त्याने ताटात पाकीट ठेवलं, आणि मग वेदिकाने त्याचा हात धरून त्याला खोलीत नेलं.

मामा हसला नाही. पहिल्यांदाच. त्याने वाकून गाडी पाहिली, मग गुडघ्यावर बसून पाहिली.

"ही तीच?"

"तीच. डासवाली."

"तू केलंस? एकटीने?" मामाने बोट लावायला पुढे केलं, मागे घेतलं. "च्यायला. भाचेबाई, ही तर मुंबईच्या प्रदर्शनात ठेवण्यासारखी झाल्ये. दे मला, जयगडला नेतो. घरी माझा लाईट आहे, स्टँड आहे, नीट फोटो काढतो. आमचा मॉडेलवाल्यांचा ग्रुप आहे ना, त्यांना दाखवतो. वेडे होतील."

वेदिकाला आभाळ ठेंगणं झालं. तिने स्वतः गाडी कापसात गुंडाळून दिली.

पुढच्या आठवड्यात क्लास सुटल्यावर ऋतिका तिला भेळेच्या गाडीपाशी थांबवून म्हणाली, "अगं, ही तुझीच ना गाडी?" ऋतिका तिची पहिलीपासूनची मैत्रीण. तिच्या फोनवर व्हिडिओ चालू होता. काळ्या मखमलीवर वेदिकाची गाडी हळूहळू फिरत होती. उजेड एका पत्र्यावरून दुसऱ्यावर सरकत होता आणि वेदिकाच्या अंगावर काटा आला, इतकी ती सुंदर दिसत होती.

मग आवाज आला. मामाचा. "नमस्कार मित्रांनो. तर ही माझी लेटेस्ट बिल्ड. बेअर मेटल फिनिश. खूप महिने घेतले मी याच्यावर, बोटीवरून आलो की रोज रात्री बसायचो…"

"मामाचा आवाज आहे ना?" ऋतिका म्हणाली.

वेदिका स्क्रीन खाली सरकवत गेली. तिने खाली कॉमेंट वाचल्या. 'सर देवमाणूस आहात.' 'हे हात सोन्याने मढवा.' 'पत्र्याचा टोन कसा आणला सर?' आणि त्याच्याखाली मामाचं उत्तर: 'थँक्स भावा. पेशन्स लागतो. टोनचं एक स्पेशल केमिकल आहे, सीक्रेट 😉'

तो डोळा मारणारा चेहरा वेदिकाने अंगठ्याने झाकला. चोरी म्हटली की चोराने कसं घाबरून, तोंड लपवून असावं. हा तर लाडात येऊन डोळा मारत होता. आणि 'रोज रात्री बसायचो'! रोज रात्री तो मित्रांबरोबर जेटीवर बसायचा, हे सगळ्या जयगडला माहीत होतं. हातातल्या भेळेचा वास नकोसा झाला. तिने ती ऋतिकाला देऊन टाकली.

"कदाचित सांगायचं विसरला असेल," ऋतिका म्हणाली.

"रोज रात्री बसायचो हे मात्र आठवलं."

"ते पण आहे म्हणा."

घरी येऊन तिने आईच्या फोनवरून मामाला व्हिडिओ कॉल लावला. मामाच्या मागे तिची गाडी दिसत होती, काचेच्या कपाटात.

"अगं, ते तसंच बोलतात व्हिडिओत," मामा म्हणाला. "सगळे बोलतात. आता नववीतल्या पोरीने केलंय म्हटलं तर लोक बघतील काय? म्हणतील, छान आहे हां बाळा, आणि पुढे जातील. मी म्हटलं की मी केलंय, तर बघितलं ना कसे थांबले? तुझ्याच गाडीचा फायदा. किट कोणी आणलं? मी. मग आपल्या दोघांचंच झालं की नाही ते?"

"मग दोघांचं म्हणून सांग."

"सांगणार आहे की! पुढच्या महिन्यात मुंबईला प्रदर्शन आहे. मोठमोठी माणसं येतात. तिथे गाडी ठेवणार. पाटीवर तुझं नाव टाकतो. प्रॉमिस. तुझ्या गळ्याची शपथ."

"माझ्या कशाला, तुझ्या घे."

"माझ्या," मामा हसला. "पण वेदू, तिथे लोक विचारणार, टोन कसा आणला. मला सांगून ठेव ना."

आई शेजारी कांदा चिरत होती. ती हळू आवाजात म्हणाली, "सांग गो. मामाच आहे ना. जानेवारीत परत बोटीवर जाईल, मग सहा महिने तोंड दिसायचं नाही त्याचं. घरातल्या घरात काय माझं-तुझं?"

वेदिकाने सांगितलं. फॉईल, उभ्या-आडव्या रेघा, दातेरी चाक, आगळ, सगळं.

"आगळ?" मामाने नाक मुरडलं. "ई! जेवणातलं? हे काय सांगू मी लोकांना? नको, आपण केमिकलच म्हणू."

फोन ठेवल्यावर वेदिकाने साबणाने हात धुतले. उगाचच. आणि तरी तिने त्या पाटीची वाट बघितली, हे खरं. आरशासमोर उभी राहून, मोठमोठ्या माणसांनी काही विचारलं तर काय बोलायचं याची तिने तयारीसुद्धा केली.

प्रदर्शनाला जाण्याच्या दिवशी मामा दुपारच्या रेल्वेने निघणार होता. स्टेशन जवळ, म्हणून जेवायला त्यांच्याकडेच आला. आईने त्याच्यासाठी सुरमई तळली होती, बांगड्याचं तिखलं केलं होतं. मामाने नवा शर्ट घातला होता, अत्तर मारलं होतं. तळलेल्या माशाच्या वासात ते अत्तर मिसळलं आणि वेदिकाचं डोकं उठलं. टेबलावर एका बाजूला मोठं पारदर्शक खोकं होतं, त्यावर फडकं झाकलेलं.

"जेवण झाल्यावर दाखवतो," मामा म्हणाला. "सरप्राईज."

तो सावकाश जेवला. काटे चोखून ताटाच्या कडेला लावत, एकीकडे बोलत. मुंबईचा कोण मोठा माणूस त्याला फोन करून म्हणाला, की अहो नितेशजी, असलं काम इथे कुणी केलेलं नाही. 'नितेशजी' म्हणताना त्याने तर्जनी चाटली. वेदिकाने भाताकडे बघितलं. भात कालवलेला तसाच राहिला होता.

"हां," मामा अखेर म्हणाला आणि उठून फडकं ओढलं.

काचेसारख्या स्वच्छ खोक्यात गाडी उभी होती. खाली लाकडी पाट, पाटाला पितळेची पाटी, अक्षरं कोरलेली. वेदिका खुर्ची ढकलून पुढे आली. पाटीवर मोठ्या अक्षरांत मामाचं पूर्ण नाव होतं, त्याखाली 'मरीन इंजिनिअर, रत्नागिरी'. आणि त्याखाली बारीक, नक्षीदार अक्षरांत:

'माझी लाडकी भाची वेदिका हिला सप्रेम.'

"बघितलंस?" मामाचा चेहरा नुसता उजळला होता. "म्हटलं होतं ना, तुझं नाव टाकतो म्हणून? टाकलं की नाही? कोरून घेतलंय, पुसायचं नाही कधी!"

तो खरोखर खूश होता, हे सगळ्यात वाईट. फसवतोय हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं. वेदिकाने केलेली गाडी वेदिकालाच सप्रेम देऊन, वर तो शाबासकीची वाट बघत उभा होता, आणि त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात सुरमईचा रवा चिकटला होता.  

"काढ ना बाहेर," ती म्हणाली. "नीट बघते."

"बघ की," म्हणत मामाने हात रुमालाला पुसल्यासारखे केले, झाकण उचललं आणि गाडी तिच्या तळहातावर ठेवली. बॉनेटवर त्याच्या अंगठ्याचा तेलकट ठसा उमटला. पूर्ण. रेघान्‌रेघ मोजता यावी असा.

वेदिकाने अंगठ्याचं नख बॉनेटच्या कडेखाली घातलं आणि ओढलं.

फॉईल निघाला. अख्खा, एका झटक्यात, दुधावरची साय निघावी तसा. खाली प्लॅस्टिक होतं, पांढरं, गोंदाने पिवळट डागाळलेलं.

"वेदू!" आई ओरडली.

मामाला आधी कळलंच नाही. "अगं, अगं, सुटला बघ तो, चिकटव, चिकटव…" तोवर वेदिकाने एक दार सोललं होतं. मग दुसरं. ती घाई करत नव्हती. आईच्या हाताखाली कोळंबी सोलते तशी ती सोलत होती, एकेक पत्रा काढून टेबलावर ठेवत.

"वेडी झालीस काय?" मामाने हात पुढे केला. वेदिकाने गाडी छातीशी धरली.

"कसा लावायचा ते सांगितलंय ना मी तुला? आगळ पण सांगितलं. लाव."

"दोन तासांत गाडी सुटत्ये माझी! टेबल बुक केलंय तिथे! ताई, बघ ही काय करत्ये!"

शेवटी शेपटीचा निमुळता पत्रा राहिला. तो राखाडी. वेदिकाचं नख त्याच्या कडेपाशी गेलं आणि थांबलं. हा परत असा उतरेल की नाही याची तिला अजिबात खात्री नव्हती. त्या दिवशी हवा कशी होती, कापूस किती ओला होता, काही आठवत नव्हतं. मामाला ते थांबणं दिसलं. त्याने आवाज एकदम मऊ केला.

"वेदू. बाय माझी. एवढा राहू दे. तू मोठी झालीस की तुझ्या नावाने आपण दुसरी करू. मी किट आणीन तुला, सिंगापूरहून आणीन, दोन आणीन."

त्या मऊ आवाजाची तिला जेवढी किळस आली तेवढी डासाचीसुद्धा आली नव्हती. तिने नख घातलं. तो तुकडा फाटत फाटत निघाला, कारण तोच सगळ्यात घट्ट बसला होता.

मग तिने ती गाडी पाटावर, पितळेच्या पाटीमागे, नीट उभी करून ठेवली. पिसं काढलेल्या कोंबडीसारखी दिसत होती. चिकट, उघडी, कुठे पांढरी, कुठे पिवळी.

"किट तुझं," वेदिका म्हणाली.  "चाकं तुझी, सीट तुझी, पाटी तुझी. घेऊन जा."

मामा आईकडे वळला. "ताई, तू काही बोलशील की नाही?"

आई पाटी वाचत होती. चष्मा कपाळावर होता तो तिने खाली घेतला आणि ती बारीक अक्षरं परत वाचली. वेदिकाला वाटलं, घरातल्या घरात काय माझं-तुझं, हेच आता येणार.

"नितेश," आई म्हणाली, "तोंड पूस. आणि नीघ. रिक्षा मिळायला वेळ लागतो."

मामा निघाला. खोकं घेऊन निघाला, ते मात्र त्याने सोडलं नाही. जाताना हसला नाही, आणि हसला असता तरी वेदिकाला काही फरक पडला नसता, असं तिने स्वतःला सांगितलं.

बेसिनपाशी ती कितीतरी वेळ बोटं घासत होती. नखांत गोंद गेला होता, त्याला आगळाचा आंबूस वास होता आणि त्यात माशाचा. साबणाने नुसता मळ झाला. आईने तिच्या तळव्यावर खोबरेल तेल ओतलं आणि स्वतः तिची बोटं चोळायला लागली. टेबलावर फॉईलचे तुकडे तसेच पडले होते. बॉनेटवरचा अंगठा अजून स्पष्ट दिसत होता.

"मला सांगायचंस ना गो आधी," आई म्हणाली.

"सांगितलं होतं. तू कांदा चिरत होतीस."

आईची बोटं थांबली. मग पुन्हा चोळायला लागली, जरा जास्तच जोरात.

दिवेलागणीला ऋतिकाचा फोन आला. "अगं, तुझ्या मामाची पोस्ट बघितलीस? आत्ता टाकल्ये."

आईच्या फोनवर वेदिकाने ती उघडली. रेल्वेच्या सीटवर खोकं, खोक्यात सोललेली गाडी, आणि वर मामाने लिहिलं होतं: 'मित्रांनो, शब्द नाहीत. प्रवासात माझ्या गाडीचं प्रचंड नुकसान झालं. कित्येक महिन्यांची मेहनत गेली. पण कलाकार हरत नसतो.' खाली ओळीने रडके चेहरे. 'सर खचू नका.' 'रेल्वेवाल्यांवर केस टाका.' 'कलाकाराचं दुःख कलाकारच जाणे.' आणि त्या प्रत्येकाला मामाचे जोडलेले हात.

वेदिकाला हसू आलं. नागडी गाडी मिरवतानासुद्धा तो ती आपलीच म्हणत होता! हात तेलकट होते तरी तिने टाईप करायला घेतलं. अक्षरं घसरत होती, पुन्हा पुन्हा खोडावी लागत होती.

'प्रवासात काही झालेलं नाही. पत्रा मी काढला, दुपारी, आमच्या जेवणाच्या टेबलावर. कारण तो मी लावला होता. घरातला फॉईल आणि कोकमाचं आगळ. कुणाला शिकायचं असेल तर सांगेन. वेदिका, इयत्ता नववी.'

पाठवायच्या बटणावर बोट नेऊन ती थांबली. फोन आईचा होता. खातं आईचं, फोटो आईचा, मामाच्या सगळ्या मित्रांना माहीत असलेला.

"आई," तिने हाक मारली. "हे तुझ्या नावाने जाईल."

आई पदराला हात पुसत आली. तिने वाचलं. वर मामाची पोस्ट होती तीही वाचली, रडक्या चेहऱ्यांसकट, आणि तिच्या नाकपुड्या अशा आक्रसल्या जशा नासलेल्या दुधाचं पातेलं उघडल्यावर आक्रसतात.

"जाऊ दे," ती म्हणाली, आणि बटण तिनेच दाबलं.